आवाजाचे मानकरी (भाग ६) : कम ऑन डाउन!

गेल्या भागात आपण १९५८-५९ मधले अमेरिकी क्विझ-घोटाळे पाहिले. उत्तरं आधीच पढवलेले स्पर्धक, त्यावरून झालेली चौकशी आणि १९६० मध्ये कायद्यात झालेली दुरुस्ती. अशी फसवणूक गुन्हा ठरली आणि प्रायोजकाकडून पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर ते प्रेक्षकांना सांगण्याचे नियम कडक झाले. कार्यक्रमाच्या शेवटी कंपन्यांची नावं भरभर वाचणारा आवाज असतो, त्याच्या वाचनाला ही पार्श्वभूमी आहे. तो आवाज ज्याचा असतो तो निवेदक, म्हणजेच अनाउन्सर, आजचा आपला विषय. सूत्रसंचालक वेगळा. तो कॅमेऱ्यासमोर खेळ चालवतो. निवेदक मंचाच्या कडेला, हातात कागद घेऊन माइकसमोर उभा असतो. सभागृहातल्या लोकांना तो दिसतो, घरातल्यांना सहसा नाही.

या धंद्यातलं सर्वांत ठळक नाव जॉनी ओल्सन. जन्म २२ मे १९१०, मिनेसोटा राज्यातल्या विंडम गावी, नॉर्वेहून आलेल्या कुटुंबात. दहा भावंडांतला तो धाकटा. १९३० च्या दशकात मिलवॉकीच्या डब्ल्यूटीएमजे रेडिओ केंद्रावर त्याने नाव कमावलं. गाणं म्हणायचं, वाद्यवृंद चालवायचा, जाहिराती वाचायच्या आणि समोर बसलेल्या श्रोत्यांना खेळवायचं, सगळं त्याच्याच अंगावर. १९४४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पत्नी पेनीसोबत त्याने ‘लेडीज बी सीटेड’ हा रेडिओ कार्यक्रम केला आणि पुढे ड्यूमाँ या दूरचित्रवाणी जाळ्यावर ‘जॉनी ओल्सन्स रम्पस रूम’ चालवला. म्हणजे ज्याच्या नावावर कार्यक्रम चालायचा असा तो माणूस होता. निवेदनाकडे तो नंतर वळला आणि त्यातच रमला.

१९६० च्या दशकात तो मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या निर्मात्यांचा हुकमी आवाज झाला. ‘टू टेल द ट्रुथ’, ‘व्हॉट्स माय लाइन?’, ‘मॅच गेम’ अशा एकाहून एक लोकप्रिय खेळांची घोषणा तो करत असे. विनोदी नट जॅकी ग्लीसनने १९६४ मध्ये आपला कार्यक्रम मायामी बीचला हलवला, तेव्हा ओल्सन न्यूयॉर्कहून विमानाने तिकडे जाऊ लागला. नेटवर्कचा पगारी निवेदक एकाच घराशी बांधलेला असे. निर्मात्यांच्या भरवशावर काम करणाऱ्या ओल्सनला मात्र खेळ जाईल तिकडे जाता येत होतं.

१९७२ मध्ये खेळ लॉस एंजेलिसला गेला. ‘द प्राइस इज राइट’ हा मुळात १९५६ पासूनचा न्यूयॉर्कचा खेळ. त्यात चार स्पर्धक सुरुवातीपासूनच आपापल्या जागी बसलेले असत. ४ सप्टेंबर १९७२ पासून सीबीएस वाहिनीवर तो नव्या रूपात आला. सूत्रसंचालक बॉब बार्कर, निवेदक ओल्सन. मुख्य बदल असा की आता स्पर्धक प्रेक्षकांतूनच उचलायचे. रांगेत उभ्या लोकांशी निर्मात्यांची माणसं दोन शब्द बोलत आणि नावं ठरवत. कोणाचं नाव निघालं हे त्या माणसाला कळे ते थेट ओल्सनच्या तोंडून: नाव आणि मागोमाग, ‘कम ऑन डाउन!’

या तीन शब्दांमागे बरीच मेहनत असे. चित्रीकरणाआधी ओल्सन प्रेक्षकांत शिरायचा. थट्टामस्करी करायचा, नाचायचा, आज्यांच्या गालाची पापी घ्यायचा. याला वॉर्म-अप म्हणतात. बाकीच्या खेळांत वॉर्म-अपचा उद्देश टाळ्या आणि हशा एवढाच असतो. इथे समोरचे प्रेक्षकच पुढचे स्पर्धक होते. नाव ऐकल्यावर माणूस बिचकत, संकोचत उठला तर दृश्य पडलं. तो किंचाळत, शेजाऱ्याला मिठी मारत धावला तर घरी बसलेलेही सावरून बसतात. ही धाव कॅमेरा सुरू होण्याआधीच तयार व्हायची. पोवाड्यात शाहिराचा शब्द झीलकरी उचलून वर नेतात, तसं बार्करच्या संथ, मिश्कील बोलण्याला ओल्सनची चढी पट्टी उचलून धरत असे.

निवेदकाचं तिसरं काम पैशाचं, आणि या खेळात तेच सर्वांत मोलाचं. रेफ्रिजरेटर, खुर्ची, गाडी, रंगाचे डबे, जे बक्षीस पडद्यावर येई त्याचं वर्णन निवेदक वाचे. कंपनी वस्तू देई, काही वेळा तिच्या उल्लेखासाठी वर शुल्कही भरे. त्यामुळे मजकूर मोजूनमापून लिहिलेला असे. नाव चुकवायचं नाही, सेकंद ओलांडायचे नाहीत, आणि तरी ऐकणाऱ्याला जाहिरात ऐकतोय असं वाटू द्यायचं नाही. हे झालं सगळ्याच बक्षीस-खेळांचं. ‘द प्राइस इज राइट’मध्ये मात्र हा मजकूर खेळाचाच भाग आहे. चौघा स्पर्धकांनी वस्तूच्या दुकानी किमतीचा अंदाज बांधायचा. खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ, पण तिच्यावर न जाता जो पोचेल तो मंचावर. अंदाजाला आधार काय? डोळ्यांना दिसणारी वस्तू, पाठीमागून ओरडणारे प्रेक्षक आणि ओल्सनने वाचलेलं वर्णन. सामान्यज्ञानाच्या खेळात प्रश्न सूत्रसंचालक विचारतो. इथे प्रश्नच निवेदक वाचत होता, आणि तो प्रश्न म्हणजेच जाहिरात होती. निर्मात्याचा खर्च वाचवणारा मजकूर आणि स्पर्धकाला लागणारी माहिती एकाच वाक्यात बसली, म्हणून हा खेळ दशकानुदशकं चालला.

ओल्सन पूर्ण अदृश्यही राहिला नाही. शेवटच्या मोठ्या बक्षीस-संचासाठी छोटी विनोदी नाटुकली होत, त्यांत तो सोंगं घेऊन मॉडेलसोबत उभा राहायचा. १९७५ च्या नोव्हेंबरपासून कार्यक्रम अर्ध्या तासाचा तासभर झाला आणि हाका वाढल्या. साठी उलटली तरी त्याने ही धावपळ सोडली नाही.

१२ ऑक्टोबर १९८५ रोजी सांता मोनिकात मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. आधी चित्रित झालेले भाग नंतरही प्रसारित होत राहिले. मग प्रश्न आला उत्तराधिकाऱ्याचा, आणि निर्मात्यांनी तो प्रेक्षकांसमोरच सोडवला. जीन वुड, रॉड रॉडी, बॉब हिल्टन, रिच जेफ्रीज हे निवेदक प्रत्यक्ष भागांत आलटूनपालटून आजमावले गेले. निवड रॉडीची झाली. भडक, चकाकत्या कोटांसाठी तो ओळखला गेला आणि २००३ मधल्या मृत्यूपर्यंत त्या जागी राहिला. पुढे रिच फील्ड्स आला, त्यानंतर जॉर्ज ग्रे. २००७ मध्ये बार्करही निवृत्त झाला. या सगळ्यांच्या तोंडी हाक मात्र तीच राहिली. एका माणसाच्या ढंगाने सुरू झालेली गोष्ट खेळाच्या नियमासारखी झाली, आणि नव्या निवेदकाची परीक्षा आजही तिच्यावरच होते.

पुढच्या आठवड्यात याच खेळाच्या मूळ, १९५६ च्या अवताराचा निवेदक डॉन पार्डो: एनबीसीचा पगारी माणूस. १९६३ मध्ये खेळ एबीसीकडे गेला तेव्हा तो मागेच राहिला, आणि वयाच्या नव्वदीनंतरही दर शनिवारी अमेरिकेने त्याचाच आवाज ऐकला.