शाळेची हद्द

जन्मभर मास्तरकी केली. हजेरीपटावर मुलाचें नांव कसें चढतें हें मला ठाऊक आहे. अमेरिकेंत तें बहुधा नकाशावरून चढतें. गांवाचे भाग पाडून प्रत्येक भागास एकेक सरकारी शाळा नेमून दिलेली असते. घर रेषेच्या ज्या बाजूस, त्या बाजूची शाळा.

रेषा दिसावयास निरुपद्रवी. परंतु न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल शहराची हकीकत पाहा. तेथील शाळामंडळानें १९३० सालीं लिंकन शाळेची हद्द अशी आंखली, कीं काळीं मुलें तेवढीं आंत राहावीं. चुकून आंत राहिलेल्या गोऱ्या मुलांस अन्य शाळेंत जाण्याची मुभा १९४९ पर्यंत होती. १९६० च्या सुमारास त्या शाळेंत शेंकडा ९४ मुलें काळीं! भेदाचा कायदा कोठें लिहिलेला नव्हता. काम पेन्सिलीनें झालें होतें. (आम्हां मास्तरांस पेन्सिलीचें भय कधीं वाटलें नाहीं.) न्यायमूर्ति कॉफमन यांनीं १९६१ सालीं हा प्रकार घटनेविरुद्ध ठरविला.

रेषा उलटही फिरवितां येते. १९७१ सालीं शार्लटच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मिश्र शाळांसाठीं हद्दी बदलण्यास व मुलांस बसमधून नेण्यास मान्यता दिली. मात्र १९७४ सालीं डेट्रॉइटच्या प्रकरणीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल झाला, कीं उपनगरांचा दोष सिद्ध झाल्यावांचून त्यांच्या शाळा शहराच्या योजनेंत ओढतां येणार नाहींत. आतां शहरांतील रेषा हव्या तशा हलवा; गोरीं कुटुंबें वेशीबाहेर राहावयास गेलेलीं असतां मिसळावयाचें कोणांत कोणास?