पावसाळ्याआधी सी ड्राइव्हची शाकारणी

मे संपत आला की जयगडला होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापांचे छप्पर चढते. १ जूनपासून यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. गावात कौले चाळून घ्यायचीही हीच वेळ. याच दिवसांत घरातल्या संगणकाकडे पाहायला हवे, कारण पुढचे चार महिने त्यालाही जड जातात. शास्त्री नदीच्या मुखावरची खारी, दमट हवा, विजांचा कडकडाट आणि घटकेत जाणारा-येणारा वीजपुरवठा. विंडोज डिस्कवर काही लिहीत असतानाच वीज गेली, तर फायली अर्धवट राहू शकतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरूच न होण्याची भीती असते. दुरुस्तीला रत्नागिरी गाठायची म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

फोटो पेनड्राइव्हवर घेतले की बरेच जण निर्धास्त होतात. फोटो वाचतात हे खरे, पण विंडोज, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टंक, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षे बसवलेली घडी सी ड्राइव्हवर असते. ती परत बसवण्यात दोन-तीन दिवस जातात.

यावर उपाय म्हणजे 'इमेज'. संगणक सुरू करणाऱ्या लपलेल्या भागांसह संपूर्ण डिस्कची, त्या दिवशी होती तशी प्रत. इमेज घेणारा प्रोग्राम एरवी फक्त भरलेली जागा उचलतो आणि दाबून साठवतो, त्यामुळे रिकाम्या जागेचा बोजा प्रतीवर पडत नाही.

यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. तैवानच्या सरकारी संगणन केंद्रात तयार झालेले 'क्लोनझिला' मोफत आहे. त्याच्या काळ्या पडद्याची धास्ती वाटली, तर माउसने चालणारे 'रेस्क्यूझिला' घ्यावे, तेही मोफत. यातले एक पेनड्राइव्हवर चढवायचे, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा आणि इमेज बाहेरच्या डिस्कवर उतरवायची. डिस्कही नवी हवीच असे नाही. लॅपटॉपला एसएसडी बसवताना काढलेली जुनी हार्डडिस्क धडधाकट असेल, तर काही शे रुपयांच्या केसिंगमध्ये घालून ती याच कामाला लावता येते.

दोन ठिकाणी मात्र लोक अडकतात. इमेज नव्या डिस्कवर परत चढवायची, तर ती डिस्क साधारणपणे मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. दुसरे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणारे विंडोजचे कुलूप. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप अनेकदा मालकाच्या नकळत लागलेले असते. अशी डिस्क इमेजमध्ये रिकाम्या जागेसकट येते आणि प्रत फुगते. शिवाय परत चढवल्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच वहीत उतरवून ठेवावी. संगणक बंद पडल्यावर त्यातलीच किल्ली कशी मिळणार?

प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. १९९८ मध्ये पिक्सारच्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप उघडला, तर तो नीट चालतच नव्हता. चित्रपट वाचला तो त्याच्या तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत झाली, तेव्हा घरच्या इमेजची तपासणी टाळू नये. प्रत घेताना 'पडताळणी' निवडावी, आणि एखादी जुनी डिस्क मिळाली तर तिच्यावर इमेज चढवून संगणक खरोखर सुरू होतो का, ते पाहावे.

प्रत ठेवायची कुठे, याचे उत्तर २२ जुलै २०२१ ला चिपळूणने दिले. वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तके भिजली. तळमजल्यावरच्या टेबलावर संगणक आणि शेजारीच बॅकअपची डिस्क असेल, तर अशा पुरात दोन्ही एकदमच जातात. म्हणून डिस्क काम होताच सोडवावी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घालावी आणि माळ्यावर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवावी. संगणक सुरू करायचा पेनड्राइव्ह त्याच डब्यात असावा आणि झाकणावर इमेजची तारीख लिहावी. दिवाळीआधी दुसरी इमेज घेतली, तरी मेमधली लगेच पुसू नये. नवी इमेज सदोष निघाली, तर जुनीच कामी येते.