फोडात जंतू नाही, तरी आजार जंतूचाच

फोडातलं पाणी तपासलं, कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे जंतुसंसर्ग नाही! लहान मुलांची त्वचा तपासणाऱ्या डॉक्टरांना हा निष्कर्ष नातेवाइकांकडून ऐकावा लागतोच, कधी कधी एखाद्या सहकाऱ्याकडूनही. 'स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम' या आजारात तो सपशेल चुकतो.

बहुधा पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल. ताप येतो, अंग लालबुंद होतं, उचलून घ्यायला गेलं तरी कळवळतं. एक-दोन दिवसांत मान, काख, जांघ इथली कातडी पापुद्र्यासारखी सुटते. प्रागमधल्या बेवारस अर्भकांच्या आश्रमात डॉक्टर रिटर यांनी अशी २९७ बाळं पाहिली आणि १८७८ मध्ये त्यांचं वर्णन छापलं.

मग हा स्टॅफिलोकोकस जंतू असतो कुठे? नाकात, घशात, डोळ्याच्या कडेला, तान्ह्याच्या बेंबीत. तिथे बसून तो विष सोडतो. ते रक्तावाटे त्वचेत पोचतं आणि पेशींना जोडून ठेवणारं डेस्मोग्लीन-१ हे प्रथिन तोडतं. फोड विषाने आलेला असतो. त्यात जंतू शोधणं म्हणजे माजघरात धूर दिसला म्हणून तिथेच चूल शोधणं. मेलिश आणि ग्लासगो या संशोधकांनी १९७० मध्ये रुग्णांमधला स्टॅफिलोकोकस नवजात उंदरांना टोचला, तर त्यांचीही कातडी तशीच सुटली. मोठ्या माणसांची मूत्रपिंडं हे विष चटकन बाहेर टाकतात, शिवाय त्यांच्याकडे प्रतिपिंडं असतात. लहानग्यांकडे दोन्ही अपुरं.

गोंधळाला एक कारण आहे, हे मान्य. याच जंतूमुळे होणाऱ्या फोडांच्या इम्पेटिगोत विष जागच्या जागी काम करतं, आणि तिथे फोडातल्या पाण्यात जंतू सापडतो. इथे मात्र स्वॅब नाक, घसा, डोळे, बेंबीचा घ्यायचा. रक्ताचं कल्चरही मुलांमध्ये बहुधा निगेटिव्हच येतं. निदान मुख्यतः डोळ्यांनी होतं, आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला रिपोर्टची वाट पाहायची नसते.

आणखीही काही चुकीचे अंदाज ऐकू येतात. 'औषधाची रिअ‍ॅक्शन असेल.' आधी तोंड उघडून पाहावं: औषधाच्या रिअॅक्शनने होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये आत जखमा असतात, इथे ओठांभोवती खपल्या आणि चिरा पडतात, पण आतलं अस्तर शाबूत राहतं. तरीही शंका उरली तर त्वचेचा तुकडा तपासतात. रिअ‍ॅक्शन समजून स्टेरॉइड देणं मात्र घातक ठरू शकतं.

'नागीण आहे.' नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात उठते.

'कुणीतरी भाजवलंय.' आईकडे संशयाने पाहण्याआधी नाका-घशाचा स्वॅब तरी घ्या!

'जन्मभर डाग राहणार.' कातडी अगदी वरच्या थरातच सुटते. वेळेवर उपचार झाले तर सहसा व्रण राहत नाहीत. हळद-राख थापून ती उघडी त्वचा आणखी सोलवटू नये, एवढं पथ्य पाळावं.