कथेतील विरोधक

कथा म्हटली की तिच्यात दोन पक्ष आलेच. ज्याला काही हवे आहे तो नायक, आणि जो त्याची वाट अडवतो तो विरोधक. अडवणूक झाल्यावाचून माणसाचे पाणी कळत नाही. पण विरोधक म्हणजे मिशीला पीळ देणारा दुष्ट, ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. परंतु या नाटकाचे बळ आम्हांला आणखी एका ठिकाणी दिसते. सैरंध्रीवर संकट आले असता युधिष्ठिर सबुरी सांगतो, भीम तडक प्रतिकार मागतो. दोघेही सज्जन, दोघेही एकाच पक्षाचे, तरी परस्परविरोधी. त्या काळच्या प्रेक्षकांनी त्यांत मवाळ आणि जहाल ओळखले. संपाच्या सभेला बसलेल्या कोणाही कामगाराला हे दोन आवाज परके वाटणार नाहीत.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) विरोधक स्नेह्याच्या वेषाने येतो. कोर्टात मानभंग झालेल्या सुधाकराला तळीराम दारूची वाट दाखवतो. तळीराम स्वतःही दारूचाच बळी. सुधाकराचा अभिमान इतका हळवा नसता, तर तळीरामाचे काही चालले नसते.

तिसरा प्रकार आपल्या खानदेशाच्या जवळचा. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात सावकाराचा माणूस वसुलीला येतो, आईला नाही नाही ते बोलतो. पण तो गेल्याने कर्ज जात नाही. उद्या दुसरा येईल. तेथे विरोधक आहे ते दारिद्र्य. आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने याच गुरुजींनी लिहून घेतली होती. गीतेतही अर्जुनाचे धनुष्य गळते ते दुर्योधनाच्या भयाने नव्हे, स्वजनांच्या मोहाने.

कामगारांच्या नाटकांत मालकाला राक्षस रंगवला की टाळ्या पडतात. परंतु मालक नुसता राक्षस असेल, तर तो बदलला की प्रश्न मिटला, असे पाहणाऱ्यास वाटेल. त्यापेक्षा मालकाला त्याचा हिशेब रंगमंचावर बोलू द्यावा. कर्जाचे व्याज, कापसाचा भाव, सारे मांडू द्यावे. मग कामगार जे उत्तर देईल ते दुसऱ्या दिवशी वाटाघाटीतही उपयोगी पडेल. शत्रू कोण, हे सांगणाऱ्या कथा आम्हांला पुष्कळ मिळतात. तो तसा का वागतो, हे सांगणाऱ्या हव्या आहेत.