बर्फवाहनाच्या पोटाखालची पट्टी : किती टिकते, कधी बदलावी?

जानेवारी १९३४. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील व्हालकूर या गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या तीव्र विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय शहरात होते आणि रस्ते बर्फाने बंद पडले होते. बर्फावरून चालणारे वाहन तयार करण्याचे बोंबार्दिए यांचे प्रयोग कित्येक वर्षे चालू होते. पण त्या दिवशी ते वाहन कार्यशाळेत सुटे होऊन पडलेले होते. मूल वाचले नाही. पुढे १९३७मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळवले आणि सात प्रवाशांचे ‘बी-७’ हे वाहन बाजारात आणले. त्यांची एक-दोघांना पुरेशी होणारी हलकी ‘स्की-डू’ १९५९मध्ये आली. आज ज्याला स्नोमोबाइल म्हणतात, त्या वाहनाच्या प्रसाराला खरी गती या हलक्या यंत्राने दिली.

गोवा, बेळगाव किंवा इंदूरहून हिवाळी सुटीत काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांना स्नोमोबाइल ठाऊक असते ती गुलमर्गमधील अर्ध्या तासाच्या सफरीपुरती. कॅनडा, अलास्का, फिनलंड आणि स्वीडनच्या उत्तर भागात मात्र ती सहा-सहा महिने दुचाकी, ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका या तिघांचे काम करते. तिचे इंजिन, वेग आणि रंगरूप यांची चर्चा पुष्कळ होते. पण ज्याच्या आधाराने ती सरकते, तो भाग पोटाखाली दडलेला असल्याने सहसा दुर्लक्षित राहतो. या भागाला ‘स्लाइड रेल’ म्हणतात. तो किती टिकतो आणि कधी बदलावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण वस्तीपासून पन्नास किलोमीटर दूर, शून्याखाली तीस अंश तापमानात तो जिवाशी जोडलेला असतो.

रचना कशी असते?

स्नोमोबाइलला पुढे दिशा देण्यासाठी दोन स्की असतात आणि मागे एक रुंद रबरी पट्टा, म्हणजे ‘ट्रॅक’. इंजिनाची शक्ती दातेरी चाकांमार्फत या ट्रॅकला मिळते. ट्रॅकच्या वेढ्याच्या आत, गाडीच्या लांबीला समांतर, अॅल्युमिनियमच्या दोन लांब दांड्या असतात. याच स्लाइड रेल. मागचे सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर आणि आडवे हात, या दांड्यांना जोडलेले असते. चालक, सामान आणि यंत्र यांच्या वजनाचा मोठा हिस्सा या दोन दांड्यांतून ट्रॅकवर आणि ट्रॅकमधून बर्फावर उतरतो.

धातूची दांडी थेट ट्रॅकवर घासू नये म्हणून तिच्या खालच्या कडेवर एक जाड प्लास्टिक पट्टी सरकवून बसवलेली असते. तिला स्लायडर म्हणतात. उत्तर अमेरिकेत ‘हायफॅक्स’ हा शब्दही रूढ आहे. ट्रॅकच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर पोलादी क्लिपा असतात. या गुळगुळीत क्लिपा आणि प्लास्टिकची पट्टी हीच एकमेकांवर सरकणारी जोडी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी पुढे जाते तेव्हा बर्फावर टेकलेला ट्रॅकचा भाग जमिनीच्या हिशेबाने जवळजवळ स्थिर असतो आणि गाडी त्याच्यावरून पुढे सरकते. म्हणजे स्नोमोबाइल स्वतःच अंथरलेल्या वाटेवरून घसरत जाते. हजार किलोमीटरचा प्रवास झाला, की प्लास्टिकची पट्टीही पोलादावर साधारण हजार किलोमीटर घासली गेलेली असते. रेलवर बसवलेली लहान चाके वजनाचा काही भार उचलतात. उरलेला सारा भार पट्टीवर असतो.

बर्फ हेच वंगण

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसे या पट्टीलाही लागते. फरक इतकाच, की ते डब्यातून घालावे लागत नाही. ट्रॅकच्या फटींतून उडणारा बर्फ क्लिपा आणि पट्टी यांच्यामध्ये जातो, घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो. हा थर घर्षण कमी करतो आणि उष्णता वाहून नेतो. ओल्या वाळूवरून होडी ओढणे आणि कोरड्या वाळूवरून ओढणे यांतला फरक किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावा लागत नाही. येथेही तोच नियम आहे.

ही पट्टी ‘अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिइथिलीन’ या प्लास्टिकची असते. साध्या पिशवीचे पॉलिइथिलीन आणि हे रसायनदृष्ट्या एकाच कुळातले. परंतु याचे रेणू कित्येक पटींनी लांब असतात. त्यामुळे ते चिवट, झिजेला दाद न देणारे आणि कडाक्याच्या थंडीतही न तडकणारे असते. कृत्रिम गुडघा किंवा खुबा बसवताना धातूच्या भागासमोर जो प्लास्टिकचा भाग असतो, तोही याच जातीचा. ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये खुब्याच्या सांध्यासाठी त्याचा वापर सुरू केला. ज्यांच्या घरात कोणाचा गुडघा बदललेला आहे, त्यांच्या घरात हे प्लास्टिक आधीच येऊन पोहोचलेले आहे.

त्याचे एकच मोठे वैगुण्य म्हणजे उष्णता. ते सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी, साधारण ८० अंशांच्या पुढे, त्याचा ताठपणा झपाट्याने उतरतो. शिवाय ते उष्णतेचे मंद वाहक आहे. घर्षणाने निर्माण झालेली उष्णता त्याच्या अंगात पसरत नाही, पृष्ठभागावरच साचते. बर्फ मिळत राहिला तर ही उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. उघडा डांबरी रस्ता, गोठलेल्या नदीचा काचेसारखा बर्फ किंवा वर्दळीने दगडासारखी घट्ट झालेली वाट आली, की वंगणही संपते आणि थंडावाही संपतो.

म्हणूनच या पट्टीचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. भुसभुशीत बर्फात हजारो किलोमीटर चालणारी पट्टी उघड्या रस्त्यावर वेगाने हाकल्यास एका फेरीतच वितळून निकामी होऊ शकते. वितळलेले प्लास्टिक क्लिपांना चिकटते, गाडी थांबताच गार होऊन घट्ट होते आणि ट्रॅक जागीच अडकतो.

झीज वाढवणारी कारणे

बर्फाचा अभाव हे पहिले कारण. दुसरे, ट्रॅकचा चुकीचा ताण. ट्रॅक गरजेपेक्षा घट्ट असेल तर क्लिपा पट्टीवर अधिक जोराने दाबल्या जातात. फार सैल असेल तर तो दातेरी चाकावरून उड्या मारतो आणि रेलवरून घसरण्याचा धोका निर्माण होतो. किती वजन टांगल्यावर ट्रॅक किती खाली लोंबावा, याचे माप प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तिसरे कारण, ट्रॅक मध्यरेषेत नसणे. तो एका बाजूला ओढला जात असेल तर एकच पट्टी लवकर खाल्ली जाते. चौथे, जाम झालेली किंवा तुटलेली आधारचाके. त्यांचा भार मग पट्टीवर येतो. पाचवे कारण सहसा नजरेतून सुटते, ते म्हणजे झिजलेल्या वा गळून पडलेल्या क्लिपा. त्यांच्या धारदार कडा नव्या पट्टीलाही रंध्याप्रमाणे तासत राहतात.

कठीण वाटेवर जाणाऱ्यांसाठी एक साधा उपाय निघाला आहे. स्प्रिंगच्या पोलादाचे दोन खरवडे रेलला किंवा स्कीला लावतात. ते घट्ट बर्फावर ओरखडे काढत जातात आणि उडालेला भुगा ट्रॅककडे फेकला जातो. मधूनमधून वाटेच्या कडेच्या मऊ बर्फात गाडी घालणे हा त्याहून जुना आणि फुकटचा उपाय. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनालाही असा उडता बर्फ लागतो, कारण त्याचे उष्णता बाहेर टाकणारे पत्रे ट्रॅकच्या वरच असतात. त्यामुळे इंजिन तापल्याचा दिवा लागला, की पट्टीही तापली असणार हे अनुभवी चालक ओळखतात. हवेने थंड होणाऱ्या गाडीत ही सूचना मिळत नाही. तेथे जळक्या प्लास्टिकचा वास हीच सूचना.

पट्टी कधी बदलावी?

पट्टीची पाहणी करण्यासाठी गाडीचा मागचा भाग उचलून ट्रॅक लोंबता ठेवावा लागतो. अनेक पट्ट्यांच्या कडेवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते. झीज त्या रेघेपर्यंत पोहोचली, की पट्टीचे आयुष्य संपले. रेघ नसल्यास पुस्तिकेतील किमान जाडी पाहावी. मोजमाप एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. पुढच्या बाजूला, जेथे रेल वर वळते, तेथे झीज बहुधा सर्वाधिक असते. मधला भाग नव्यासारखा दिसत असला, तरी निर्णय सर्वांत पातळ जागेवरून घ्यावा.

जाडी शिल्लक असूनही पट्टी बदलावी लागते असे प्रसंग आहेत : तुकडा निघालेला असणे, लाटांसारखे वितळल्याचे वळ दिसणे, पुढचा स्क्रू तुटून पट्टी मागे सरकणे. एक पट्टी खराब झाली तरी दोन्ही एकदम बदलणे इष्ट. उंचीत फरक राहिला तर भार असमान पडतो. हे काम अवघडही नाही. पुढचा स्क्रू काढून जुनी पट्टी रेलवरून सरकवून बाहेर काढतात आणि साबणाचे पाणी लावून नवी आत ढकलतात. नवी पट्टी बसवल्यावर पहिला प्रवास मात्र मऊ बर्फात आणि बेताच्या वेगाने करावा, म्हणजे तिचा पृष्ठभाग क्लिपांना जुळून येतो.

आणि खुद्द रेल?

स्कूटरच्या ब्रेकचे लायनर वेळेवर बदलले नाही तर ड्रमला चरे पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. येथेही तसेच होते. पट्टी संपली, की पोलादी क्लिपा थेट अॅल्युमिनियमवर आदळू लागतात. पट्टीला धरून ठेवणारी रेलची खालची कड चेपते किंवा झिजते. मग नवी पट्टी घातली तरी ती नीट पकडली जात नाही. ही अवस्था आली, की रेल बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

पट्टी नेहमी वेळेवर बदलली, तरीही रेल अमर नसते. अॅल्युमिनियमचा स्वभाव असा, की लहान पण वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनीही त्यात हळूहळू थकवा साचतो. तडे बहुधा तीन ठिकाणी सुरू होतात : सस्पेन्शनचे हात जोडलेल्या बोल्टच्या छिद्रांपाशी, पुढच्या वळणावर आणि मागच्या आसाच्या जोडापाशी. बोल्टभोवती काळसर भुकटीचा ओघळ दिसला, तर तो जोड सैल होऊन धातू धातूवर घासत असल्याची खूण समजावी. पाहणीपूर्वी रेल स्वच्छ धुणे आवश्यक, कारण केसासारखा तडा मळाखाली दिसत नाही. सरळ पट्टी लावून रेल वाकली आहे का, हेही पाहावे.

तडा वेल्डिंगने बुजवण्याचा मोह होतो. पण रेलचे अॅल्युमिनियम उष्णताप्रक्रियेने कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा धातू पुन्हा मऊ पडतो आणि पुढचा तडा तेथेच जातो. ठोकून सरळ केलेल्या रेलचीही तीच गत. वाकलेली किंवा तडकलेली रेल बदलणे हाच भरवशाचा मार्ग. खर्चाचा हिशेबही हेच सांगतो : पट्टी सर्वांत स्वस्त, रेल तिच्याहून महाग आणि तुटलेल्या रेलने फाडलेला ट्रॅक त्याहून कितीतरी महाग.

पातळ होत चाललेला बर्फ

अलास्कातील ‘आयर्न डॉग’ ही दोन हजार मैलांहून अधिक लांबीची शर्यत गोठलेल्या नद्या आणि समुद्रकिनाऱ्यांवरून जाते. तेथे स्पर्धक जोडीने धावतात आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती स्वतःच करतात. उत्तर कॅनडातील इनुइट शिकारी सागरी बर्फावरून सामानाने लादलेल्या घसरगाड्या स्नोमोबाइलने ओढून नेतात. अशा ठिकाणी ट्रॅक अडकला, तर चालत परतणे नेहमीच शक्य नसते. म्हणून पट्टीची पाहणी तेथे निघण्यापूर्वीच केली जाते.

हिवाळे अनिश्चित होत चालल्याने हा प्रश्न आता अधिक ठिकाणी भेडसावू लागला आहे. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गमध्ये जानेवारी २०२४च्या पूर्वार्धात उतार जवळजवळ उघडे होते. फेब्रुवारी २०२५मध्ये बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा दिवसांत पर्यटकांना घेऊन त्याच त्या घट्ट झालेल्या वाटेवर फेऱ्या मारणाऱ्या गाडीला वंगण सर्वांत कमी मिळते आणि काम सर्वांत जास्त पडते. पहिला हिमवर्षाव होण्याआधी गाडी उचलून पट्टीची जाडी मोजणे आणि तुटपुंज्या बर्फाच्या हंगामात ही पाहणी अधिक वेळा करणे, हेच तिच्या मालकाच्या हाती असते. पर्यटकालाही एवढे करता येते : सफरीत जळक्या प्लास्टिकचा वास आला किंवा गाडी अकारण जड चालू लागली, तर चालकाला थांबायला सांगून तिला मऊ बर्फात काही वेळ गार होऊ द्यावे.