मुरगावच्या पाण्यातली जर्मन वस्ती

चोपड्याच्या काठावर उभे राहिले की समोर शापोरा नदीपलीकडे शिवोली दिसते. आज पुलावरून पाच मिनिटांत पलीकडे जाता येते. इकडे मोरजी, मांद्रे, हरमल या पेडण्याच्या किनारपट्टीत परदेशी माणूस दिसला तर कुणी मान वळवूनही पाहत नाही. रशियन, इस्रायली, जर्मन असे कितीतरी जण हिवाळ्यात येतात, घरे भाड्याने घेतात, पावसाच्या तोंडावर निघून जातात. मात्र गोव्याच्या भूमीवर एक लहानशी जर्मन वस्ती याच्या फार आधी होऊन गेली आहे. ती हौसेने आलेल्यांची नव्हती. घरी जायची वाट बंद झालेल्यांची होती, आणि तिचा पत्ता होता मुरगाव बंदर.

चोपड्याहून मुरगावला आज रस्त्याने दोनेक तास लागतात. १९३९ साली हाच प्रवास शापोरा, मांडवी आणि जुवारी या तीन नद्या होडीने किंवा लाँचने ओलांडल्याशिवाय होत नसे. पेडण्याच्या माणसाला मुरगावपेक्षा सावंतवाडी जवळची. तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडी संस्थान, म्हणजे ब्रिटिशांच्या छत्राखालचा मुलूख. नदीच्या एका काठावर लढणारे साम्राज्य, दुसऱ्या काठावर तटस्थ पोर्तुगाल. ही सीमारेषा नसती तर मुरगावची जर्मन वस्तीही झाली नसती, म्हणून गोष्ट मुरगावची असली तरी तिचा धागा थेट पेडण्याच्या वेशीपर्यंत येतो.

जर्मन लोक गोव्यात येण्याची परंपरा तशी फार जुनी आहे. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदाचा ताफा लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघाला, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत आउग्सबुर्ग आणि न्युरेंबर्गच्या व्यापाऱ्यांचा पैसा गुंतलेला होता. वेल्सर आणि फुगर ही त्यांतली सर्वात प्रसिद्ध घराणी. मिरीच्या व्यापाराने युरोपातल्या पेढ्या गोव्याशी बांधल्या गेल्या. १५८७ मध्ये याच पेढ्यांचा प्रतिनिधी म्हणून फर्डिनांड क्रोन नावाचा आउग्सबुर्गचा माणूस गोव्यात उतरला. मिरीचा ठेका संपला तरी तो परत गेला नाही. त्याने इथेच लग्न केले, हिरेमोत्यांच्या आणि मसाल्याच्या व्यापारात अमाप पैसा कमावला, पोर्तुगीज राज्यकर्त्यांना युरोपच्या बातम्या खुष्कीच्या मार्गाने पुरवल्या. पुढे त्याच राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत त्याची श्रीमंती खुपू लागली, तो अटकेत पडला आणि १६२० च्या दशकात त्याला लिस्बनला परतावे लागले. जुन्या गोव्याच्या चर्चांपुढून फिरणाऱ्या पर्यटकांना हा माणूस कुणी सांगत नाही. खरे तर गोव्यात घर केलेल्या जर्मनांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

तिथून तीनशेहून अधिक वर्षे पुढे यायचे, पण आधी मुरगावची ओळख हवी.

मुरगाव हे बंदर जुवारीच्या मुखाशी, डोंगराच्या कुशीत आहे. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात तिथे किल्ला बांधला. १६८३ साली संभाजी महाराजांची फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा राजधानीच इथे हलवावी असा पोर्तुगीजांचा विचार झाला, काही बांधकामेही झाली, पण शेवटी ते राहूनच गेले. मुरगावला खरे महत्त्व आले ते रेल्वेमुळे. १८८० च्या दशकात बंदरापासून दूधसागराच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज लोहमार्ग पडला आणि बंदर थेट हुबळी-धारवाडच्या कापसाशी जोडले गेले. या मार्गाचे नाव पोर्तुगीज, भांडवल आणि कारभार मात्र ब्रिटिश. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: पोर्तुगालच्या झेंड्याखालच्या या बंदरात गाड्या ब्रिटिश कंपनी चालवत होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले, त्या वेळी हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांची कोंडी झाली. मुंबई, कराची, कोलंबो ही सगळी बंदरे शत्रूची. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन जहाजे मुरगावकडे वळली: एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स. पहिली दोन साडेसात हजार टनांहून मोठी, तिसरे सहा हजारांच्या वरचे. एहरेनफेल्स अवघ्या तीन-चार वर्षांचे, वेगवान. याच वर्गातली त्याची भावंडे गोल्डेनफेल्स आणि कांडेलफेल्स यांच्यावर जर्मन आरमाराने तोफा चढवल्या आणि ‘अटलांटिस’ व ‘पिंग्विन’ या नावांनी त्यांनी दोस्तांच्या व्यापारी जहाजांचा पुरता पिच्छा पुरवला. एहरेनफेल्सच्या नशिबी तेच आले असते; त्याला मुरगाव आडवे आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही याच पाण्यात नांगर टाकून बसले.

तटस्थ बंदरात युद्धनौकेला फार थांबता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम. डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला उरुग्वेच्या माँतेविदेओ बंदरातून ठरल्या मुदतीत निघावे लागले आणि तिच्या कप्तानाने ती स्वतःच बुडवली. व्यापारी जहाजांना अशी मुदत नसते. ती हवी तितकी राहू शकतात. मुरगावची जहाजे तशीच राहिली. बाहेर निघाली तर ब्रिटिश नौदल टपलेले, आत राहिली तर सुरक्षित. काही आठवडे म्हणून आलेले खलाशी महिने राहिले, मग वर्षे. जुवारीच्या पाण्यावर तीन जर्मन जहाजांची मिळून एक तरंगती वाडीच झाली. किनाऱ्यावर वास्कोच्या बाजारात त्यांची ये-जा, शेजारी रेल्वेतले ब्रिटिश आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी, आसपास ज्यांना या युद्धाशी काही देणेघेणे नव्हते असे मुरगावकर.

सीमेपलीकडे काय चालले होते हे पाहिल्यावर या वाडीचे वेगळेपण कळते. ब्रिटिश हिंदुस्थानात युद्धाच्या पहिल्याच दिवसांत जर्मन माणसांची धरपकड झाली. डॉक्टर, इंजिनियर, व्यापारी, मिशनरी, एवढेच नव्हे तर हिटलरच्या छळाला कंटाळून पळून आलेले ज्यूसुद्धा ‘शत्रूचे नागरिक’ ठरले. अहमदनगरला, मग देवळालीला छावण्या उभ्या राहिल्या. पुढे पुरुषांना डेहराडूनला हलवले. सातारा आणि पुरंदर इथे कुटुंबांना, स्त्रियांना, मुलांना ठेवले गेले. शिवशाहीच्या पुरंदरावर जर्मन मुले खेळत वाढली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली जवळजवळ विसरलेली गोष्ट. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत पकडला गेला, तोही नगर आणि देवळाली पाहूनच डेहराडूनला पोहोचला आणि १९४४ मध्ये तिथून निसटून तिबेटात गेला. नगर-देवळालीच्या काटेरी कुंपणाआडून पाहिले तर गोवा ही तटस्थ भूमी फार दूर नव्हती. तारेच्या अलीकडे जर्मन कैदी, घाटाखाली जर्मन मोकळे. मधे फक्त सह्याद्री आणि एक जकातनाका.

मोकळे, तरी अर्धेच. घरची पत्रे कधी येत, कधी नाही. पगार आणि पुरवठा यांचा भरवसा नव्हता. पुढे ब्रेमेनवर बॉम्बहल्ले होत होते आणि तिथली माणसे इथे शांत पाण्यात डोळे लावून बसली होती. हे दिवस कसे काढले याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फार थोडी आढळते. पुस्तकांना रस आहे तो एका रात्रीत.

१९४२ मध्ये हिंदी महासागरात दोस्तांची जहाजे वरचेवर बुडू लागली. ब्रिटिशांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या विभागाला संशय आला की एहरेनफेल्सवर दडवलेल्या बिनतारी यंत्रावरून जहाजांच्या जा-येची खबर पाणबुड्यांना मिळते. गोव्यातून ही माहिती जमवणारा म्हणून एका जर्मन हस्तकावर त्यांची नजर होती. त्याचे टोपणनाव ट्रॉम्पेटा. १९४२ च्या अखेरीस लुइस प्यू आणि गॅव्हिन स्ट्युअर्ट हे दोन अधिकारी गोव्यात शिरले आणि त्यांनी या माणसाला बायकोसह उचलून सीमेपलीकडे नेले. तरीही जहाजे बुडतच राहिली. तेव्हा घाव यंत्रावरच घालायचे ठरले.

पण गोवा तटस्थ. तिथे फौज पाठवणे म्हणजे पोर्तुगालशी भांडण, आणि त्या वेळी ब्रिटनला पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर तळ हवा होता. म्हणून निवड झाली ती कुणालाच संशय येणार नाही अशा माणसांची. कलकत्ता लाइट हॉर्स ही हौशी घोडदळाची पलटण. तिच्यात कलकत्त्याचे चहावाले, तागवाले, हिशेबनीस, बहुतेक वयाने चाळिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. त्यांतले चौदा आणि कलकत्ता स्कॉटिशचे चार असे अठरा जण तयार झाले. कलकत्त्याच्या बंदरातला गाळ वाहणारा ‘फिबी’ नावाचा बार्ज घेऊन काही जण श्रीलंकेला वळसा घालत कोचीनला आले, बाकीचे रेल्वेने. तिथून सगळे मुरगावकडे निघाले.

रात्र निवडली ती ८ आणि ९ मार्च १९४३ यांच्या मधली. त्या वर्षी बुधवार, १० मार्चला ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होणार होता, म्हणजे गोव्यात इंत्रुजचे, कार्निव्हलचे शेवटचे दिवस. सगळा मुलूख रस्त्यावर आलेला. जहाजांवरचे अनेक खलाशी मेजवान्यांना किनाऱ्यावर गेलेले. ‘फिबी’ अंधारात एहरेनफेल्सला भिडला, हल्लेखोर शिड्या चढले, झटापट झाली. कप्तान रोफर आणि त्याचे काही सहकारी मारले गेले. जर्मनांनी आधीच योजना करून ठेवल्याप्रमाणे तळाच्या झडपा उघडल्या, आग लावली. एहरेनफेल्स पेटलेले पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या लोकांनी, आता आपली पाळी असे समजून, आपापली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. हल्लेखोरांतला एकही जण दगावला नाही. ते आले तसे निघून गेले.

सकाळी मुरगावकरांनी पाहिले ते चार जळती जहाजे. कंटाळलेल्या खलाशांनी स्वतःच जहाजे जाळली, अशी बातमी पसरली आणि ब्रिटिशांनी ती तशीच चालू दिली. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वाचलेल्या खलाशांना अटक केली. ज्यांच्यावर हल्ला झाला तेच आरोपी ठरले. ज्यांनी हल्ला केला त्यांची नावे पुढे तीस-पस्तीस वर्षे कुणालाच कळली नाहीत. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक आले तेव्हा हे सगळे उजेडात आले. दोन वर्षांनी ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन अशी बडी मंडळी त्यात होती आणि चित्रीकरण गोव्यातच झाले. एहरेनफेल्सवरच्या त्या यंत्रावरून पाणबुड्यांना खरोखर किती माहिती गेली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

मुरगावच्या तटस्थतेचा आणखी एक प्रसंग सात महिन्यांनी घडला. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातल्या नागरिकांची अदलाबदल केली ती याच बंदरात. स्वीडनचे ‘ग्रिप्सहोम’ जपानी प्रवासी घेऊन आले, जपानचे ‘तेइया मारू’ अमेरिकन आणि कॅनडियन प्रवासी घेऊन. दोन्ही मिळून काही हजार माणसे या धक्क्यावर एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढली. ज्या बंदराची तटस्थता मार्चमध्ये पायदळी तुडवली गेली, तिच्यावरच ऑक्टोबरमध्ये शत्रूंनी आपली माणसे सोपवली. गोव्याच्या शालेय पुस्तकांत हा प्रसंग यायला हवा, इतका तो मोठा आहे.

युद्ध संपले तसे खलाशी पांगले. बहुतेक मायदेशी गेले. काही इथेच राहिले, गोव्यात संसार थाटले, असे सांगितले जाते. पन्नाशीच्या दशकात डिचोली आणि सांगे भागातले लोहखनिज बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला येऊ लागले आणि तिथून जपानला, पश्चिम जर्मनीला जाऊ लागले. जर्मन जहाजे पुन्हा या पाण्यात दिसू लागली, या खेपेला ती माल भरून परत जाण्यासाठी येत होती. १९६१ च्या डिसेंबरात याच बंदरासमोर ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय नौदलाशी लढली आणि मुरगावची वसाहती कारकीर्द संपली.

आज बंदराच्या आत कुणालाही सहज शिरता येत नाही. कोळसा, खनिज आणि क्रूझ जहाजे यांचे ते कामाचे ठिकाण आहे. सड्याच्या पठारावर गेले तर समुद्राचा पट्टा नजरेत येतो, आणि दोनापावलाच्या टोकावरून पलीकडच्या बंदराची सारी रचना कळते. पाहणाऱ्याला तिथे जर्मनांची खूण सापडणार नाही. ब्रिटिश स्वारांच्या धाडसावर पुस्तक आहे, चित्रपट आहे. साडेतीन वर्षे त्या पाण्यावर राहिलेल्या खलाशांचे पोर्तुगीज कागद मात्र कुणीतरी बसून मराठीत, कोंकणीत उलगडायला हवेत. पणजीच्या आणि लिस्बनच्या दप्तरखान्यांत काम करणाऱ्या तरुण संशोधकांना हा विषय मोकळा पडलेला आहे. आणि मुरगावला फलक लावायचाच झाला, तर त्यावर चारही जहाजांची नावे हवीत, रोफरचे नाव हवे, आणि ९ मार्च १९४३ च्या आधी सप्टेंबर १९३९ ही तारीखही हवी.