किल्लारीतील एका दुकानात लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य समाप्त झाले, तेव्हा किल्लारीतील आमच्या दुकानातील जुना, परंतु धडधाकट संगणक मोडीत काढण्याऐवजी मी त्यावर लिनक्स मिंट बसविले; मात्र नित्याच्या हिशेबाची टॅली केवळ विंडोजसाठीच असल्यामुळे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजकरिता स्वतंत्र दालन राखावे लागले, आणि त्यासाठी ८ जीबी रॅम अवश्य हवी. दुकानातील जुन्या, श्री-लिपी फाँटमधील लग्नपत्रिकांचा मजकूर युनिकोड नसल्याने, तो फाँट नसेल तेथे ‘किल्लारी’च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते; नवा मजकूर मात्र इन्स्क्रिप्ट कळफलकावर निर्वेध लिहिता येतो, हे समाधान मोठे. विंडोजचे प्रोग्रॅम थेट लिनक्सवर चालविणाऱ्या ‘वाइन’ या साधनावर मात्र हिशेबाच्या कामी माझा भरवसा नाही. जिज्ञासूंनी प्रथम पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे, आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी संपूर्ण दप्तराची नक्कल अन्यत्र ठेवावी.